मस्तकावरील वलय

संतांच्या प्रतिमांमागे जे तेजोवलय रेखाटलेले असते, त्यास इंग्रजीत 'हेलो' म्हणतात. धर्मग्रामातील तरुणांच्या आग्रहाखातर आम्ही अधूनमधून दूरचित्रवाणीवर मोटारशर्यती पाहतो. तेथे हाच शब्द एका निराळ्याच वस्तूस लावलेला ऐकून आम्हांस प्रथम गंमत वाटली. फॉर्म्युला वनच्या मोटारींची चाके उघडी असतात आणि चालकाच्या डोक्यावर छप्पर नसते. २०१८ सालापासून त्या उघड्या बैठकीभोवती टायटॅनियमची कमान व तिला पुढून आधार देणारा एक खांब सक्तीचा झाला. वजन सुमारे ७ किलो. पण सुमारे १२ टनांचा भार सोसण्याची तिची परीक्षा घेतली जाते. हाच तो हेलो.

वाचकहो, केवळ शिरस्त्राण पुरेसे नाही, हे फार मोठी किंमत मोजून उमगले. १ मे १९९४ रोजी इमोला येथे आयर्टन सेना याची मोटार भिंतीवर आदळली आणि तिच्याच मोडलेल्या भागांचा आघात मस्तकावर होऊन तो गेला. जुलै २००९ मध्ये इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे दुसऱ्या मोटारीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून अठरा वर्षांचा हेन्री सर्टीज मरण पावला. सहाच दिवसांनी हंगेरीत पुढील मोटारीतून सुटलेली स्प्रिंग फेलिपे मासा याच्या शिरस्त्राणावर बसली. तो थोडक्यात बचावला.

तरीही हेलोस विरोध झाला. तो कुरूप आहे, शर्यतीची परंपरा बिघडवतो, असे म्हटले गेले. १९७६ साली आगीत होरपळलेले निकी लाउडा हेदेखील विरोधकांत होते. रोमाँ ग्रोजाँ हाही विरोधकच. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे त्याची मोटार लोखंडी कठडा भेदून दुभंगली व पेटली. कठड्याचा आघात हेलोने मस्तकावर येऊ दिला नाही. भाजलेल्या हातांनिशी तो बाहेर आला आणि रुग्णालयातूनच त्याने आपले मत बदलल्याचे सांगितले.

आम्हांस मात्र अधिक विचारात पाडते ती शार्ल लक्लेर याची हकिकत. ज्यूल बिआंकी हा त्याचा धर्मपिता. ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानमधील सुझुका येथे पावसात बिआंकीची मोटार मार्गाबाहेर घसरून, दुसरे वाहन हलविणाऱ्या यंत्रावर आदळली. नऊ महिने बेशुद्ध राहून जुलै २०१५ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो निवर्तला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे एक मोटार उडून लक्लेरच्या हेलोवरून गेली. त्यावर चाकाचे काळे ओरखडे उमटले; लक्लेर सुखरूप राहिला.

धर्मपित्याच्या मरणाने धर्मपुत्र तरला, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. वाक्य प्रवचनास शोभेल. पण ते खरे नाही. मस्तकरक्षणाचे प्रयोग बिआंकीच्या अपघातापूर्वीच सुरू झाले होते आणि बंदिस्त बैठकीनेही त्याची इजा टळली नसती, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्याच्या अपघातातून निघाली ती सुधारणा वेगळी: मार्गावर धोका असताना सर्व चालकांचा वेग एकाच वेळी बांधून देणारी पद्धत, जी २०१५ पासून लागू झाली.

तरुण मुलाच्या दफनविधीस उभे राहण्याचा प्रसंग आमच्यावर अनेकदा आला आहे. 'त्याच्या जाण्याने इतरांचे भले होईल' हे वाक्य त्या वेळी सहज ओठांवर येते. आम्ही ते आवरतो. आईस मुलगा हवा असतो; त्याच्या मरणाचा उपयोग नव्हे. सांगायचेच तर जेवढे खरे तेवढेच सांगावे. बिआंकीस वाचविता आले नाही. त्याच्यामागून शर्यतीत उतरलेल्यांना, धोका दिसताच, आता वेग कमी करावाच लागतो. एवढे सांगून आम्ही त्या आईशेजारी बसून राहू.