खोलीतली मुलगी

फाइट सीनचं फुटेज एडिटिंग टेबलावर येतं तेव्हा त्यात मारामारी नसते. नुसते तुकडे असतात. एका तुकड्यात मूठ निघते, दुसऱ्यात गाल हलतो, तिसऱ्यात कुणीतरी टेबलावर कोसळतं, आणि टेबल आधीपासून कापून ठेवलेलं असतं. मूठ गालापासून चांगली वीतभर लांबून गेलेली असते. कॅमेऱ्याचा कोन असा धरलेला असतो की मधली फट दिसू नये. मार खाणारा मान झटकतो, पण अंमळ उशिरा. मग संकलकाने सेकंदाच्या चोवीस फ्रेममधल्या नेमक्या दोन काढून टाकायच्या. दोन काढल्या की ठोसा लागतो. चार काढल्या की झटका दिसतो आणि सगळं खोटं पडतं. त्यावर आवाज चढतो. हाड मोडल्याचा आवाज फोलीवाले, म्हणजे स्टुडिओत असे आवाज करून देणारे, भाजीची जुडी पिळूनही काढतात. प्रेक्षक सीटवर आक्रसतो तो बहुतेक वेळा या आवाजाने.

ही कारागिरी हाताला बसते. फाइट मास्टर चांगला असेल तर निम्मं काम त्याने सेटवरच केलेलं असतं. बसत नाही ती गोष्ट वेगळीच: ज्या माणसासाठी ही हाणामारी चालली आहे, त्या माणसाचं पडद्यावर काय करायचं?

गुंडांची टोळी कुणाची तरी मुलगी, बायको, भाचा उचलून नेते आणि पोलिसांच्या नादी न लागता एकटा माणूस तिला सोडवायला निघतो, हा चित्रपटाचा साचा मला मनापासून आवडतो. त्याला नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्यातला सरळपणा आवडतो: नायकाला काय हवं आहे हे पहिल्या वीस-तीस मिनिटांत कळतं आणि मग शेवटपर्यंत बदलत नाही. पटकथेत एवढी स्पष्टता असली की संकलकाला श्वास घेता येतो. पण याच सरळपणात खोट आहे. पळवलेली व्यक्ती पार्सल होऊन बसते. मध्यंतराआधी हरवायची, शेवटी मिळायची, मधल्या काळात तिचं अस्तित्व म्हणजे नायकाच्या पाकिटातला फोटो.

‘टेकन’ घ्या. 2008 साली फ्रान्समध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट पिएर मोरेल यांचा, पटकथा ल्युक बेसाँ आणि रॉबर्ट मार्क केमन यांची. सुमारे अडीच कोटी डॉलरमध्ये झालेल्या या चित्रपटाने जगभरात बावीस कोटींच्या वर कमावले आणि पन्नाशी उलटलेल्या लिअम नीसनना अॅक्शन हीरो करून टाकलं. लोकांना आठवतो तो बापाच्या भूमिकेतल्या नीसनचा अपहरणकर्त्याशी फोनवरचा संवाद. मला आठवतो त्याच्या आधीचा मिनिट-दीड मिनिट. सतरा वर्षांची किम पॅरिसच्या फ्लॅटमध्ये वडिलांशी फोनवर बोलते आहे, आणि बोलता बोलता तिला चौकापलीकडच्या खिडकीतून दिसतं की तिच्या मैत्रिणीला माणसं उचलून नेताहेत. ही तिकडे, बाप लॉस एंजेलिसमध्ये. बाप तिला पलंगाखाली जायला सांगतो आणि मग, आवाज न चढवता, आता तुलाही नेतील असं सांगतो. नेताना जे दिसेल ते ओरडून सांग, असंही. आणि ती सांगते. उंची, दाढी, हातावरचं चंद्र-चांदणीचं गोंदण.

संकलक म्हणून हा प्रसंग मी कितीही वेळा बघू शकतो. दोन खंड, दोन खोल्या आणि मधे फक्त आवाज. कट कुठे आहेत ते बघा: बापाच्या चेहऱ्यावर थांबण्याचा मोह कुणालाही झाला असता, तो स्टार आहे. पण तणाव पलंगाखालून दिसणाऱ्या बुटांत आहे. ते बूट निघून जातात असं वाटतं, तिचा श्वास सुटतो, आणि तेवढ्यात तिला ओढलं जातं. त्या क्षणी किम बळी आहेच, पण कामाला लागलेली आहे. सुटकेचा पहिला धागा ती स्वतः फेकते.

आणि इथून पुढे चित्रपट तिला जवळजवळ विसरतो. तिला शोधायला शहाण्णव तासांची मुदत आहे, बाप पॅरिसभर माणसं तुडवत फिरतो आहे, आणि किम पुन्हा दिसते ती तळघरातल्या लिलावात. मधे फक्त एकदा तिची आठवण हाताला लागते: दुसऱ्याच एका मुलीच्या अंगावर किमचं जॅकेट सापडतं. चित्रपट तगून राहतो तो त्या जॅकेटवर. बाप त्या मुलीला उचलून नेतो, सलाईन लावतो, शुद्धीवर आणतो, कशासाठी, तर जॅकेट कुठून आलं हे विचारायला. त्या मुलीचं पुढे काय झालं हे चित्रपट सांगत नाही. मला हे दरवेळी खटकतं.

टोनी स्कॉट यांच्या ‘मॅन ऑन फायर’मध्ये (2004) हे वेगळ्या वाटेने सोडवलं आहे. एकशे सेहेचाळीस मिनिटांचा चित्रपट. त्यातला सुरुवातीचा मोठा भाग मेक्सिको सिटीतली एक लहान मुलगी आणि तिचा दारुडा अंगरक्षक यांच्या मैत्रीत जातो. पोहणं, गृहपाठ, टेडी बेअरला त्याचंच नाव ठेवणं. आपल्याकडे हे फुटेज माझ्या टेबलावर आलं असतं तर निर्माता मागे उभा राहून ‘लेंथ जातेय, टाइट कर’ म्हणाला असता, यात मला शंका नाही. संकलक ख्रिश्चन वॅग्नर आणि दिग्दर्शकाने ते ठेवलं, म्हणून पुढे ती पडद्यावर नसतानाही नायकाच्या गळ्यातलं तिने दिलेलं पदक आपल्याला दिसत राहतं. 

जॅकेट, पदक अशा खुणेचं तंत्र हॉलिवूडने शोधलेलं नाही. अपहरणाची आपली मूळ कथा उघडा. सीतेला नेताना ती दागिने खाली टाकते, पर्वतावर बसलेल्या वानरांना ते मिळतात. मारुती लंकेत जाताना रामाची अंगठी नेतो, येताना चूडामणी आणतो. मुदतही आहे: रावणाने बारा महिने दिलेले, मारुती पोचतो तेव्हा दोन उरलेले. पण वाल्मीकींची खरी कमाल पुढची. युद्धाच्या आधी त्यांनी नायकाला बाजूला ठेवून कॅमेरा सरळ अशोकवनात नेला. सुंदरकांडाचा गाभा तिकडेच घडतो. सीता तिथे रडते, रावणाला झिडकारते, समोर आलेल्या वानरावर संशय घेते, आणि तो पाठीवर बसवून न्यायला तयार असताना नको म्हणते. बंदिवान व्यक्तीला मत असू शकतं, हे इतक्या जुन्या काव्याला ठाऊक होतं. आजच्या कित्येक पटकथांना ते ठाऊक नाही.

या बाबतीत माझ्या मते सर्वांत हुशार चित्रपट कोरियाचा आहे. ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’, 2010, दिग्दर्शक ली जाँग-बम. गहाणवटीचं दुकान चालवणारा एकलकोंडा माणूस आणि शेजारची सोमी नावाची पोरकी म्हणावी अशी मुलगी. तिला ड्रग आणि अवयव विकणारी टोळी नेते. मारामाऱ्या अव्वल आहेत. नायक धावत जाऊन खिडकीतून उडी घेतो आणि कॅमेरा न तुटता त्याच्यामागोमाग खिडकीबाहेर पडतो, तो शॉट शिकाऊ मुलांना दाखवावा असा आहे. पण शेवटच्या सुरीच्या झटापटीआधी चित्रपट एक क्रूर खेळी करतो. नायकाला काचेच्या बरणीत डोळे दाखवले जातात. सोमीचे. तो मानतो, आपणही मानतो. पुढची सगळी मारामारी आपण ‘वाचव’ म्हणत बघत नाही, तिला उशीर झालेला आहे हे धरून बघतो. सगळे मेल्यावर तो पिस्तूल स्वतःच्या डोक्याला लावतो आणि मळक्या तोंडाची सोमी समोर येऊन उभी राहते.

तिला नायकाने वाचवलेलं नाही. टोळीतल्या एका थंड डोक्याच्या मारेकऱ्याच्या जखमेवर तिने पूर्वी चिकटपट्टी लावली होती. त्या माणसाने तिच्याऐवजी अवयव काढणाऱ्या डॉक्टरचा जीव घेतला. पट्टी लावण्याचा तो शॉट किती छोटा आहे, आणि संकलकाने तो किती निर्विकारपणे टाकला आहे! थोडा जास्त रेंगाळला असता तर शेवट फुटला असता, आणि अजिबात नसता तर शेवट फसवणूक ठरला असता.

याच चित्रपटाची हिंदी आवृत्ती ‘रॉकी हँडसम’ (2016) गोव्यात घडते. ती दिग्दर्शित केली निशिकांत कामत यांनी, शिवाय त्यातला खलनायकही तेच झाले. ‘डोंबिवली फास्ट’ (2005) करणारा माणूस इथवर यावा, हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. त्यातला नायक माधव आपटेही कायदा हातात घेणाराच. फरक एवढा की आपटेकडे कुणी पळवलेलं माणूस नाही. त्याच्या हातातल्या बॅटमागे मुलीचा जीव उभा नसतो, म्हणून त्याच्या प्रत्येक फटक्याचा हिशेब आपण मागतो. हा बरोबर करतोय का, याचं डोकं फिरलंय का, बायकोपोरांचं काय. नायकाची मुलगी टोळीच्या ताब्यात असली की हे प्रश्न कुणी विचारत नाही. ती मुलगी म्हणजे नायकाला मिळालेला परवाना.

आणि त्या परवान्यावर शिक्का मारतो संकलक. हे मी थोडं अस्वस्थ होऊन लिहितो आहे. लेव्ह कुलेशॉव्हने शंभरेक वर्षांपूर्वी रशियात दाखवून दिलं की नटाचा तोच चेहरा सुपाच्या वाडग्याशेजारी ठेवला तर भुकेला वाटतो आणि शवपेटीशेजारी ठेवला तर दुःखी. आमच्या धंद्यात त्याचा सर्रास वापर असा: नायक कुणाची बोटं मोडणार असेल तर त्याच्या आधी दीड सेकंद बांधलेली मुलगी दाखवायची. थिएटर बोटं मोडू देतं. मागतंसुद्धा. ‘टेकन’मध्ये बाप मार्को नावाच्या गुंडाला खुर्चीला बांधून विजेचे झटके देतो. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांना चालेल असं प्रमाणपत्र मिळावं म्हणून थिएटरमधल्या आवृत्तीत तारा लोखंडी खुर्चीला लावल्यासारखं दिसतं; न कापलेल्या आवृत्तीत आधी गुंडाच्या मांड्यांत खिळे ठोकले जातात आणि तारा त्या खिळ्यांना लागतात. दोन्हींत माहिती मिळाल्यावर बाप वीज चालू ठेवून निघून जातो. सेन्सॉरला खिळे खटकले, ते निघून जाणं खटकलं नाही. मला विचाराल तर खटकायला हवं होतं ते निघून जाणं. तो शॉट ठेवायलाच हवा, पण आपल्याला टाळी वाजवायला लावणारं संगीत तिथून काढून टाकायला हवं.

कटांच्या वेगाबद्दल फार बोलायला नको. ‘टेकन 3’मध्ये नीसन एक तारेचं कुंपण ओलांडतात, त्याला सहाएक सेकंदांत डझनाहून जास्त कट आहेत. साठी ओलांडलेल्या नटाला उडी मारता येत नसेल तर ठीक आहे. दरवाजातून बाहेर पडू द्यावं.

आता शेवटचा चित्रपट, आणि माझ्या लेखी या साच्यातला सर्वांत मोठा. कमल हासन यांनी लिहिलेला तमिळ ‘महानदी’, 1994, दिग्दर्शक संतान भारती. हा भारतात अॅव्हिड या संगणकीय यंत्रणेवर संकलित झालेला पहिला चित्रपट. म्हणजे आम्ही आज ज्या पद्धतीने काम करतो तिची इथली सुरुवातच हरवलेल्या मुलीच्या शोधाने झाली. चिटफंडात फसलेला, तुरुंगात गेलेला गावाकडचा बाप सुटून आल्यावर मुलांना शोधत जातो, आणि मुलगी सापडते ती कलकत्त्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीत. तिथे मारामारी आहे, ओढाताण आहे, तिथल्या बायकाही मधे पडतात, आणि बाप तिला घेऊन येतो. इतर कुठलाही चित्रपट इथे मिठीवर कट मारून संपला असता. ‘महानदी’ संपत नाही. रात्री मुलगी झोपेत बडबडायला लागते, गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखी, आता सोड म्हणत, आणि बाप ते ऐकत बसतो. एकही ठोसा नाही. घरच्या नोकरांनी आपल्या मुलीला पळवण्याचा बेत केल्याचं कळलं होतं, त्या भीतीतून ही कथा आली, असं कमल हासन यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते ठाऊक नसतानाही त्या रात्रीच्या दृश्यात लिहिणाऱ्याची भीती जाणवते.

असं दृश्य टेबलावर तयार करता येत नाही. शूट केलेलंच नसेल तर मी कुठून आणू? आपल्याकडे शेड्यूल लागतं तेव्हा गोदामातल्या क्लायमॅक्सला आठवडा मिळतो: क्रेन, तीन कॅमेरे, काचा, पेट्रोल. आणि ज्या खोलीत मुलीला डांबलंय ती खोली शेवटच्या दिवशी, लाइट जायच्या आत, एका क्लोजमध्ये उरकली जाते. मुलगी रडते, कॅमेरा बंद होतो. तेच चार सेकंद मग मी चित्रपटभर पुन्हा पुन्हा वापरायचे, कधी उलटे फिरवून, कधी आवाज बदलून. ती खोलीत काय करते, कुणाशी बोलते, पहारेकऱ्याचं नाव तिला कळलंय का, दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो, यातलं काहीच माझ्याकडे नसतं.

तेव्हा सुटकेचा चित्रपट करायला निघालेल्या दिग्दर्शकांना आणि शेड्यूल आखणाऱ्या सहायकांना एवढंच सांगणं: गोदामातला एक दिवस कमी करा आणि तो खोलीला द्या. मुलगी एकटी असताना कॅमेरा चालू ठेवा. खिडकी, दार, जेवणाचं ताट, पहारेकऱ्याचे बूट, सगळ्याचे वेगवेगळे शॉट घ्या आणि मुलीला करायला काहीतरी काम द्या. मारामारी थोडी कमी पडली तर ती आम्ही टेबलावर भरून काढू.