दोन गाद्यांमधलं अंतर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. "लेसरशिवाय चष्मा घालवता येतो म्हणे, त्यावर लिहा. सोपं लिहा हं, मायक्रॉन वगैरे नको." मायक्रॉन वगळून या विषयावर लिहायचं म्हणजे तोळे-मासे वगळून सराफीवर लिहायचं. तरी हो म्हटलं, कारण धारची एक मुलगी काही महिन्यांपासून डोक्यातून जात नाहीये.

मुलगी चोवीस वर्षांची, पीथमपूरच्या एका कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर. नंबर उणे ११. लग्न ठरलेलं. मुलगी, आई आणि आजी अशा तिघी सकाळच्या बसने इंदूरला आल्या होत्या. आईचं पहिलं वाक्य, "लेसर मारून टाका, दहा मिनिटांचं काम असतं ना?" दुसरं वाक्य, "सासरी कळायला नको." आजी गप्प होती.

"लेसर मारणे" हा शब्दप्रयोग मी रोज ऐकते आणि रोज चिडते. लोकांना वाटतं, लेसर म्हणजे प्रकाश, प्रकाशाने काय कापलं जाणार? अहो, कापणं हेच तर त्याचं काम. डोळ्याच्या दर्शनी भागावर कॉर्निया नावाची पारदर्शक काच असते. साधारण ५४० मायक्रॉन जाडीची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त. लॅसिकमध्ये तिचा ११० मायक्रॉनच्या आसपासचा पापुद्रा उचलायचा, खालचा थर लेसरने तासायचा आणि पापुद्रा परत ठेवायचा. एका नंबराला सुमारे १४ मायक्रॉन जातात. या मुलीची कॉर्निया मुळातच ४८२. अकरा नंबरांचे १५४ आणि पापुद्र्याचे ११० वजा केले की खाली उरतात २१८. अडीचशेच्या खाली जायचं नाही हा जुना दंडक. हल्ली आम्ही तीनशेचा आग्रह धरतो. याहून पातळ झालेली कॉर्निया डोळ्याच्या आतल्या दाबाने पुढे फुगू शकते, आणि मग चष्म्यानेही धड दिसत नाही. म्हणून लेसर नाही म्हटलं. आईला वाटलं, मशीन जुनं असणार.

पर्याय असा : काही तासायचं नाही, उलट डोळ्यात आणखी एक भिंग घालायचं. बुबुळाच्या मागे आणि डोळ्याच्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे जी चिंचोळी जागा असते, तिथे सुमारे तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी केलेलं मऊ भिंग सरकवतात. ते आत गेल्यावर उलगडतं. कल्पना जुनी. १९५०च्या दशकात इटलीत स्ट्राम्पेल्लींनी असली भिंगं बुबुळाच्या पुढे बसवली. ती कॉर्नियाच्या आतल्या पेशी खाऊ लागली आणि बरीचशी काढावी लागली. १९८०च्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोरोव्हांनी भिंग बुबुळामागे नेलं. पुढे जपानच्या शिमिझूंनी त्याच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक ठेवलं, म्हणजे डोळ्यातलं पाणी त्यातून वाहतं आणि दाब तुंबत नाही. त्याआधी आम्हाला बुबुळालाच लेसरने छिद्रं पाडावी लागत. इतक्याशा भोकाने माझी झोप किती सुधारली, ते शिमिझूंना कळवायचं राहून गेलं.

एक गोष्ट मी लपवत नाही, कारण माळव्यात ती विचारली जातेच. या भिंगाच्या कोलामर नावाच्या पदार्थात अगदी थोडं कोलॅजन असतं आणि ते डुकराचं असतं. एक जैन आजोबा ते ऐकून नातीसह उठून गेले होते. आता वडोदऱ्याकडे तयार होणारं, कोलॅजन नसलेलं भारतीय भिंगही मिळतं. ते आजोबा मात्र परत आले नाहीत.

आता माझा आवडता वाद. संपादकांनी हा भाग कापला तर लेख परत पाठवा म्हणावं.

माझं आजोळ देवासचं. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन गाद्या, दोन राजवाडे. आजी सांगायची, कोणाची हद्द कुठे संपते याची खूणगाठ ठेवावी लागे. भिंगाचंही तसंच आहे. डोळ्याचं स्वतःचं जुनं भिंग आत, नवं भिंग पुढे, आणि दोघांमध्ये अंतर हवं. त्याला आम्ही व्हॉल्ट म्हणतो. ते अडीचशे ते साडेसातशे मायक्रॉन असलं की आम्ही खूष. कमी पडलं तर नवं भिंग जुन्याला घासून मोतीबिंदू होऊ शकतो. जास्त झालं तर बुबुळ पुढे ढकललं जाऊन पाण्याची वाट बंद होते आणि दाब चढतो.

हे अंतर ठरतं भिंगाच्या लांबीवर. नेहमीच्या भिंगाची मापं चार : १२.१, १२.६, १३.२, १३.७ मिलिमीटर. भिंगाचे पाय टेकतात ते बुबुळामागच्या खोबणीत, आणि ती खोबण समोरून दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं आम्ही बुबुळाची बाहेरून दिसणारी रुंदी, पांढऱ्यापासून पांढऱ्यापर्यंत, मोजत आलो आणि आतली खोबण त्याच प्रमाणात असेल असं धरून चाललो. दाराची चौकट मोजून माजघरात किती लांबीचा पलंग मावेल ते सांगण्यातला प्रकार. एक पक्ष म्हणतो, अल्ट्रासाउंडने खोबणच मोजा. दुसरा म्हणतो, ते माप मोजणाऱ्याच्या हातागणिक बदलतं, त्यापेक्षा बाहेरचं माप आणि सूत्र बरं. आता प्रकाशाने माप घेणारी ओसीटीची यंत्रं आणि संगणकाची सूत्रं आली आहेत, आणि तीही एकमेकांशी भांडतात. मी अल्ट्रासाउंडवाली. परिषदेत यावरून मी एकदा आवाज चढवला होता. आणि तरीही.

आणि तरीही त्या मुलीच्या दोन्ही डोळ्यांची खोबण मी स्वतः मोजली, मापं जवळजवळ सारखी आली, दोन्हीकडे १२.६चं भिंग घातलं, आणि दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्यात अंतर भरलं ४१०, डाव्यात १२०. दिसायला दोन्हीकडून लख्ख. तिने भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत वाचला, आईने पेढे काढले, आणि मी पडद्यावरचा १२०चा आकडा बघत राहिले.

माझा एक सहकारी म्हणाला, भिंग बदल, एक माप मोठं घाल. पण बदलायचं म्हणजे पुन्हा डोळ्यात शिरायचं, आणि त्यात डोळ्याच्या स्वतःच्या भिंगाला धक्का लागला तर जो मोतीबिंदू टाळायचाय तोच आपल्या हाताने व्हायचा. मधल्या भोकाच्या भिंगात कमी अंतरही पुष्कळदा निभावतं. मी थांबायचं ठरवलं. हा निर्णय शास्त्राचा किती आणि भीतीचा किती, हे अजून मला नीट वेगळं करता आलेलं नाही.

लोकांना वाटतं, नंबर गेला म्हणजे डोळा बरा झाला. डोळा होता तसाच लांबोडका राहतो. साधारण डोळा मागून-पुढे चोवीस मिलिमीटरच्या आतबाहेर. हिचा अठ्ठावीसच्या पुढे. मागचा पडदा ताणलेला, कडेला विरलेला. दरवर्षी बाहुली मोठी करून तो तपासायलाच हवा, चष्मा असो नसो. हे मी कागदावर लिहून देते. सासरी कळायला नको असलेली मुलगी दरवर्षी इंदूरला काय सांगून येणार, हे मात्र कागदावर लिहिता येत नाही.

आजीबद्दल सांगायचं राहिलं. भिंग आत घालायचं म्हटल्यावर ती पहिल्यांदा बोलली होती : "डोळ्याच्या आत? नको गं बाई." तिची भीती अडाणीपणाची नव्हती. २०१५मध्ये बडवानीत आणि ऑगस्ट २०१९मध्ये इंदूरात मोतीबिंदूच्या ऑपरेशनांनंतर जंतुसंसर्ग होऊन माणसांची दृष्टी गेली; इंदूरच्या वेळी अकरा जणांची. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. लेसर वरवर काम करतो. आम्ही आत शिरतो, आणि आत शिरलेला जंतू डोळा घेऊन जाऊ शकतो. निवडक तरुण डोळ्यांत, चांगल्या थिएटरमध्ये हे फार क्वचित घडतं. पण "फार क्वचित" हे आजीला कसं मोजून दाखवायचं? म्हणून मी तिला निदान इतकं सांगितलं होतं की हे भिंग परत काढता येतं.

परवा तिघी पुन्हा आल्या. डाव्या डोळ्यातलं अंतर ११०. यंत्राची चूक धरली तर तेवढंच. न धरली तर दहाने कमी. जुनं भिंग अजून स्वच्छ. तीन महिन्यांनी या म्हटलं. आई म्हणाली, तेव्हा लग्नाची गडबड असेल. त्याच्या आधी या म्हटलं.

तिघी उठल्या, तशी आजी पुन्हा स्टुलावर टेकली. तिच्या दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, तो मला पहिल्याच दिवशी दिसला होता. पण इंदूरच्या त्या प्रकारानंतर ती कोणाला हात लावू देत नाही. म्हणाली, "हिला घातलंत ते परत काढता येतं म्हणालात ना? मग मला तसलंच घाला. नाही पटलं तर काढून टाकू."

मी केसपेपर उलटा केला आणि डोळ्याचं चित्र काढायला घेतलं.