मिनाहून हरमपर्यंत

हजहून परतल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात तो गर्दीचा. "फार गर्दी होती का हो?" याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. 2023 च्या, म्हणजे हिजरी 1444 च्या हजला जगभरातून अठरा लाखांहून जास्त हाजी आले होते. भारताचा कोटा 1,75,025 होता. एवढी माणसं एकाच शहरात, त्याच पाच-सहा दिवसांत, त्याच चार ठिकाणी, त्याच वेळी जायला निघतात. गर्दी तर होणारच. पण त्या गर्दीत एक दिवस आम्हाला जे शिकायला मिळालं, ते वाचक बंधू-भगिनींना सांगावं म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही तिघे होतो. आम्ही नवरा-बायको आणि बहात्तर वर्षांच्या अम्मी. अम्मींचे गुडघे गेली काही वर्षं दुखतात. घरात त्या भिंतीला हात लावून चालतात. तरी फॉर्म भरताना त्यांनी ठामपणे सांगितलं होतं, "मला उचलून न्यायची वेळ येणार नाही. मी माझ्या पायांनी जाईन."

अम्मींचे अब्बा, म्हणजे आमचे नाना, कोकणातून मुंबईला येऊन जहाजाने हजला गेले होते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात आधी काही दिवस मुक्काम, मग आठवड्याहून जास्त समुद्र, मग जिद्दा. मुंबईहून हाजींना नेणारी जहाजं 1995 मध्ये बंद झाली. आम्ही मुंबईहून विमानात बसलो आणि पाच-सहा तासांत उतरलो. अम्मी म्हणाल्या, "बाबांना सांगायला त्या वाटेच्या इतक्या गोष्टी होत्या. आपण काय सांगणार?" त्यांना काय ठाऊक, आमची वाट शेवटच्या सात किलोमीटरमध्ये सुरू होणार होती!

आमची राहण्याची इमारत अजीजिया भागात होती. हज कमिटीमार्फत जाणारे बहुतेक भारतीय हाजी याच भागात उतरतात. तिथून हरम शरीफला जायला बस असते. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत. हजच्या आधीचे दिवस आम्ही त्याच बसने जाऊन-येऊन नमाज आणि तवाफ केले. अम्मी खिडकीजवळ बसत. एखाद्या थांब्यावर चढणाऱ्या इंडोनेशियाच्या किंवा नायजेरियाच्या बायका त्यांना सलाम करत, आणि भाषा येत नसूनही दोघींचं बोलणं चाले.

पण हज जवळ आला की ही बस बंद होते. हे नव्या हाजींना बहुधा ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहितो. 8 जिलहिज्जाच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस हरमच्या आसपासचे रस्ते वाहनांसाठी आवळले जातात, बस थांबते, आणि ज्याला जायचं त्याने आपापली वाट शोधायची.

हजच्या मुख्य दिवसांत मिना, अरफात आणि मुज्दलिफा या तीन ठिकाणांमध्ये ये-जा करायला मशाइर मेट्रो आहे. 2010 साली ती सुरू झाली. सुमारे अठरा किलोमीटर लांब, सगळी उंच खांबांवरून जाणारी. स्थानकं फक्त नऊ: अरफातला तीन, मुज्दलिफाला तीन, मिनाला तीन. एका गाडीला बारा डबे आणि एका वेळी सुमारे तीन हजार माणसं. वर्षातले बाकीचे दिवस ती उभीच असते, चालते ती हजच्या मोजक्या दिवसांत. मनगटावर बांधायची पट्टी हेच तिचं तिकीट. स्थानकाखाली मोठे मोठे कठडे केलेले असतात. एक घोळका वर सोडला की पुढच्याने खाली थांबायचं. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला ढकलाढकली करून चढावंसं वाटतं, पण तिथे थांबणं हीच शिस्त आहे. 9 तारखेला मगरिबनंतर अरफातहून मुज्दलिफाला निघताना आम्ही त्या कठड्यात तीन तास उभे होतो. शाळेच्या सहलीत मुलं मोजतात तसे आम्ही दर थोड्या वेळाने एकमेकांना मोजत होतो: एक, दोन, अम्मी.

मात्र ही मेट्रो हरमला जात नाही. तिचं शेवटचं स्थानक मिना-3, जमरातच्या बाजूला. तिथून काबागृह आणखी चार-पाच किलोमीटर. आणि हजचा एक रुक्न, तवाफ-ए-जियारत, तो तर काबागृहाशीच करायचा असतो. तो झाल्याशिवाय हज पुरा होत नाही.

10 तारखेला पहाटे मुज्दलिफाहून गाडीने मिना-3 ला आलो. जमरातवर खडे मारले. तो पूल आता पाच मजली आहे. जायची वाट वेगळी, यायची वेगळी, त्यामुळे माणूस माणसाच्या समोर येत नाही. पूर्वी इथे चेंगराचेंगरी होऊन किती जीव गेले, हे लहानपणापासून ऐकलं होतं. अम्मींचा हात घट्ट धरून गेलो, पण धरायची गरज पडली नाही. मग कुर्बानी झाल्याचा निरोप आला, केस काढले. सकाळचे नऊ वाजले होते. आमच्या मनात आलं, अर्ध्या वाटेवर आलोच आहोत, आज दहा तारीख, सगळ्यांत अफजल दिवस, तर तवाफ आजच उरकून घेऊ.

इथे आमचं चुकलं. उत्साह आमचा होता, पाय मात्र अम्मींचे होते.

एक टॅक्सी मिळाली. एरवी पंधरा-वीस रियालचं अंतर, त्याने दोनशे सांगितले. दिले. दहा मिनिटांनी पोलिसांच्या अडथळ्यापाशी त्याने गाडी थांबवली आणि हाताने पुढे चालत जायची खूण केली. उतरलो. ऊन इतकं की रस्त्यावरून वाफा येत आहेत असं वाटावं. अर्धा-पाऊण किलोमीटर गेलो असू, अम्मी एका उड्डाणपुलाच्या सावलीत खाली बसल्या. तोंडाने काही बोलल्या नाहीत. ओठ कोरडे, चेहरा पांढरा. एका स्वयंसेवक मुलाने त्यांच्या डोक्यावर पाण्याचा फवारा मारला. एका अनोळखी बाईने आपली छत्री उघडून त्यांच्यावर धरली आणि आम्ही नको म्हणेपर्यंत ती छत्री तिथेच ठेवून आपल्या जथ्यामागे पळाली.

तिथे आमच्या दोघांत वाद झाला, हे कबूल करतो. एकाचं म्हणणं, आता इतके आलो, पुढे व्हीलचेअर मिळेल. दुसऱ्याचं म्हणणं, परत फिरू. अम्मींनी डोळे उघडले आणि विचारलं, "आजच केला पाहिजे असं आहे का?"

नाही, तसं नव्हतं. आम्ही कोकणातले, शाफई. आपल्याकडे हा तवाफ दहा तारखेला करणं उत्तम मानलं आहे, पण त्याला शेवटची तारीख नाही. मक्का सोडण्यापूर्वी तो झाला पाहिजे. निघण्याआधी तालीम शिबिरात मौलवी साहेबांनी हे स्पष्ट सांगितलं होतं. आम्हीच घाईत विसरलो.

"मग सवलत कोणासाठी ठेवली आहे? माझ्यासारखीसाठीच ना?" अम्मी म्हणाल्या. "चला मागे."

मागे फिरलो. इमारतीत दुपार काढली, असरनंतर मिनाच्या मंडपात परत गेलो. जाताना अजीजियाच्या एका दुकानातून घडीची व्हीलचेअर विकत घेतली. ठरवलं, बारा तारखेला पहाटे उन्हाच्या आधी अम्मींना त्यात बसवून न्यायचं.

मंडपात अम्मींच्या शेजारच्या गादीवर मालेगावच्या एक चाची होत्या. त्यांचे शोहर, आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो होतो, अरफातच्या दुपारपासून आजारी. ऊन लागलं होतं. दहा तारीख आणि अकराचा दिवस त्यांनी पडूनच काढला, दवाखान्यात सलाईनही लावलं. अकराच्या रात्री ताप उतरला आणि ते उठून बसले, तेव्हा त्यांना एकच काळजी. "बेटा, हमारा तो बारा की मगरिब तक का मामला है." ते हनफी. हनफी मसलकात हा तवाफ बारा तारखेच्या सूर्यास्तापर्यंत करणं वाजिब आहे. उजर नसताना उशीर झाला तर दम द्यावा लागतो. आजार हा उजर धरता येईल का, हे आलिमांना विचारता आलं असतं. पण चाचांचं म्हणणं, जाता येत असेल तर विचारत कशाला बसू? पाय मात्र त्यांना उभं राहू देत नव्हते.

चाचींनी हे अम्मींना सांगितलं. अम्मी मंडपाच्या दाराशी आल्या, आम्हाला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "ती खुर्ची त्यांना द्या. आणि त्यांच्याबरोबर एकाने जा. ढकलायला चाचीला जमायचं नाही."

आम्ही म्हणालो, "अम्मी, आणि तुम्ही?"

"मला वेळ आहे. त्यांना नाही."

बारा तारखेला फजरची नमाज होताच आमच्यापैकी एकजण चाचा-चाचींबरोबर निघाला आणि एकजण अम्मींपाशी राहिला. मिना-1 च्या लिफ्टने वर, गाडीने मिना-3, तिथून पायी जाणाऱ्यांच्या बोगद्याने हरमकडे. बोगद्यात छताला विमानाच्या इंजिनासारखे मोठाले पंखे लावलेले आहेत. त्यांच्या घरघरीत लोकांच्या तकबीर मिसळून एक वेगळाच आवाज भरून राहतो. चढावर खुर्ची जड जाऊ लागली की न बोलावता कुणीतरी येऊन हात लावी. एक तुर्की म्हातारा तर चाचांपेक्षा वयाने मोठा असेल, तोही दहा पावलं ढकलून गेला.

खुर्चीला खालच्या मताफमध्ये जाऊ देत नाहीत, वरच्या मजल्यावर पाठवतात. तिथला एक फेरा खालच्याच्या कितीतरी पट लांब. सात फेरे, मग सई. चाचा सबंध वेळ दुआ करत होते, आणि मधून मधून अम्मींचं नाव घेत होते. साडेदहाला सगळं पुरं झालं. चाचा खुर्चीतच सजद्यासाठी झुकले आणि बराच वेळ उठले नाहीत. दुपारी जवालनंतर जमरातवर रमी करून, सूर्यास्ताच्या आत आम्ही सगळे मिनातून बाहेर पडलो. अम्मींच्या वतीने रमी आम्ही केली.

अम्मींचा तवाफ झाला सोळा तारखेला. बस पुन्हा सुरू झाली होती. रात्री साडेबाराला निघालो. नेहमीच्या खिडकीजवळ त्या बसल्या. खुर्ची चाचांनी परत आणून दिली होती, ती बरोबर घेतली. पण हरममध्ये पाय ठेवल्यावर अम्मी म्हणाल्या, "आज गर्दी कमी दिसते. चालून बघू का?" खालच्या मताफमध्ये, अगदी बाहेरच्या कडेने, आमच्या दोघांच्या खांद्यावर हात ठेवून, दर फेऱ्याला थोडं थांबत त्यांनी सात फेरे आपल्या पायांनी पुरे केले. सई मात्र खुर्चीत केली. फजरची अजान झाली तेव्हा त्या जमजमचा पेला हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता माझ्याकडेही वाटेची एक गोष्ट झाली."

सूरह हजमध्ये पायी येणाऱ्यांचा आणि दूरदूरच्या वाटांनी उंटांवरून येणाऱ्यांचा उल्लेख आहे. वाहनं बदलली. आज उंटाच्या जागी मेट्रो आहे, मदीना ते मक्का तासाला तीनशे किलोमीटर धावणारी हरमैन रेल्वेही 2018 पासून आहे. पण शेवटची वाट अजून पायीच संपते, आणि ती एकट्याने पार होत नाही.

ज्या बंधू-भगिनींना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. घरातल्या वडीलधाऱ्यांना नेत असाल तर दहा तारखेच्या दुपारी हरमकडे निघू नका. पहाट किंवा रात्र धरा. आपल्या मसलकाप्रमाणे तवाफची मुदत किती, हे निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून ठेवा. घाईचे निम्मे कारण तिथेच मिटेल. बस बंद असणार हे धरूनच बेत आखा. व्हीलचेअर लागणार असेल तर हजच्या आधीच घ्या. कव्हर नंबर असलेलं कडं हातातून काढू नका, इमारतीचा नंबर कागदावर लिहून वडीलधाऱ्यांच्या खिशात ठेवा. आणि एक छत्री जास्तीची घ्या. कुणाला तरी देऊन टाकावी लागेल.

ती छत्री देणारी बाई कुठली होती, हे आम्हाला कळलं नाही. छत्री अजून घरात आहे. अम्मी पावसात दुसऱ्या छत्र्या वापरतात, ती नाही. यंदा आमच्या मोहल्ल्यातून एक जोडपं हजला निघालं आहे, बरोबर त्यांची म्हातारी आई. परवा ते दुआसाठी भेटायला आले, तेव्हा अम्मींनी ती छत्री काढून त्या आईच्या हातात दिली.

अल्लाह तआला त्यांचा आणि सगळ्या हाजींचा हज कबूल करो, आणि ज्यांच्या मनात तमन्ना आहे त्यांना आपल्या घरी बोलावून घेवो. आमीन.