उजवाड घरी आणताना

हैदराबादेतील आबिड्स या भागाला सहाव्या निजामाच्या सेवेतील आल्बर्ट आबिद याच्या दुकानावरून नाव पडले. दुकान केव्हाच गेले, नाव तेवढे उरले. याच भागातील एका गल्लीत, गोव्याहून उदरनिर्वाहासाठी आलेल्या आमच्या वडिलांनी बिऱ्हाड थाटले आणि येथेच देह ठेवला. ते गेल्यावर भिंतीवर लावण्याजोगे त्यांचे एकही छायाचित्र घरात सापडले नाही. अखेर कचेरीच्या ओळखपत्रावरील अंगठ्याएवढे चित्र मोठे करून घेतले. त्यात कपाळ चमकते आणि डोळ्यांच्या जागी काळोख दिसतो. इतकी वर्षे आम्ही त्यालाच हार घालीत आलो.

गतवर्षी आईचे सहस्रचंद्रदर्शन योजिले, तेव्हा ही चूक पुन्हा होऊ द्यायची नाही, असे आम्ही मनाशी ठरविले. आईचे, आणि तिच्याभोवती साऱ्या कुटुंबाचे, एक नीटसे चित्र काढायचे. स्टुडिओचे जिने तिला चढवत नाहीत, तेव्हा ते घरातच काढणे प्राप्त होते. कॅमेरा पुतण्यापाशी होता. उणीव होती ती प्रकाशाची.

वस्तुतः या कलेची परंपरा आमच्या नगरीत मोठी आहे. सरधन्याचे लाला दीनदयाळ येथे निजामाचे छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ म्हणून ख्यात झाले. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी 1892 साली हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढला व तेथे छायाचित्रे घेण्याचे काम एका आंग्ल बाईंकडे सोपविले. समोर बसणाऱ्या माणसाला संकोच वाटू नये, ही त्यातील दृष्टी. ती आम्हाला फार उशिरा उमगली.

प्रथम आम्ही सर्वसामान्य माणसाप्रमाणेच वागलो. प्रकाश म्हणजे प्रखरता, असे समजून एका दुकानातून मुठीएवढ्या तोंडाचे दोन जोरकस एलईडी दिवे आणले आणि आईच्या दोन्ही बाजूंना उभे केले. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली. तिने पदर डोळ्यांपुढे धरला आणि म्हणाली, “पुता, हो उजवाड म्हाका सोसना.” निघालेल्या चित्रात नाकाच्या दोन सावल्या पडल्या होत्या, प्रत्येक सुरकुती चरासारखी दिसत होती आणि चष्म्यात दोन दिवे तळपत होते. वडिलांच्या चित्राचीच ही दुसरी आवृत्ती होती. आम्हाला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई देवघरात जपमाळ घेऊन बसली होती. शेजारच्या खिडकीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरातून ऊन झिरपत होते. तिचा चेहरा इतका शांत, इतका तिचाच दिसत होता, की आम्ही दारातच थबकलो. सुरकुत्या त्याच होत्या, परंतु त्या आता वयाच्या खुणा वाटत होत्या. दोन्ही प्रकाशांत अंतर होते ते आकाराचे! मुठीएवढा दिवा टोकदार सावली पाडतो. खिडकीएवढा उजेड जवळ असला की तो चेहऱ्याला चोहोबाजूंनी कवेत घेतो आणि सावलीची कड विरघळते.

रविवारी आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथे छायाचित्रणावरील एक जीर्ण पुस्तक मिळाले आणि उरलेला उलगडा झाला. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो. रांगेतील एका टोकाचा माणूस दिव्यापासून एक मीटरवर व दुसऱ्या टोकाचा दोन मीटरवर असेल, तर दुसऱ्याला पाव हिस्साच उजेड मिळतो. दिवा मागे नेऊन तीच अंतरे तीन व चार मीटर केली, तर तो निम्म्याहून अधिक मिळतो. एकट्या आईसाठी दिवा जवळ हवा आणि कुटुंबासाठी दूर. मात्र दूर नेलेला दिवा लहान ठरतो, म्हणून त्यामागचे साधन मोठे हवे.

एवढे कळल्यावर खरेदी अल्पच उरली. डोके फिरविता येईल व जोर हाताने कमीअधिक करता येईल असा एक फ्लॅश, तो दुरून पेटविणारे बिनतारी यंत्र, उंच तिवई, आणि सुमारे दीड मीटर व्यासाची पांढरी छत्री. फ्लॅश निवडला तो दोन कारणांनी. तो क्षणार्धात विझतो, त्यामुळे आईच्या डोळ्यांना जाच नाही. आणि चुळबुळणारी नातवंडेही त्यात स्थिर उमटतात. अखंड जळणाऱ्या दिव्यात सावली आधी दिसते, हा नवशिक्याला मोठाच लाभ. ज्यांच्या घरी कोणाचे डोळे नाजूक नाहीत, त्यांनी तो जरूर घ्यावा, पण त्यालाही छत्री लावावी. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला की दुसऱ्या दिव्याचे काम तो बिनखर्चाने करतो. घरातील पिवळे दिवे मात्र मालवावेत, अन्यथा एकाच चेहऱ्यावर दोन रंग चढतात.

समारंभाच्या दिवशी होमहवन आटोपल्यावर आई खुर्चीवर बसली. तिवईच्या पायाशी पाच किलो तांदळाची पिशवी बांधली होती, मुलांचा धक्का लागला तरी ती कलंडू नये म्हणून. दिव्याचे तोंड छत्रीकडे वळवून छत्री बाजूला आणि आईच्या डोळ्यांहून बरीच उंच ठेवली, तेव्हा चष्म्यातील चमक नाहीशी झाली. प्रकाश एकदाच लखलखला. आई नातीशी बोलत होती. तिला तो जाणवलाही नाही.

चित्र हातात आले तेव्हा आईने ते खिडकीपाशी नेऊन बराच वेळ न्याहाळले. तिच्या पाठीमागे भिंतीवर वडिलांचे ते ओळखपत्रातले चित्रही उमटले होते, किंचित कललेले. स्वतःविषयी ती काहीच बोलली नाही. एवढेच म्हणाली, “अगोदर त्यांचो फोटो सारको कर रे.”

आम्ही स्टूल आणले आणि तो सरळ केला.