उद्गारचिन्हाची काकू

रात्रपाळीच्या दिवसांत एका सिंगल कॉलमी बातमीला मी मथळा दिला होता : ‘गुळगुळीत रस्त्यांबद्दल नगरपालिकेचे अभिनंदन’. बातमी होती एकाच वळणावर, एकाच खड्ड्यात, आठवड्यात तीन दुचाकीस्वार पडल्याची. चौथ्या दिवशी त्या गावचा बातमीदार फोनवर हसत सुटला. तिथल्या एका नगरसेवकाने मथळा कापून, मोठा करून, स्वतःच्या हात जोडलेल्या फोटोशेजारी फ्लेक्सवर लावला होता. खालचा मजकूर अर्थातच कापला होता. मुख्य उपसंपादकांनी अंक मागवला, मथळ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, “उद्गारचिन्ह कुठे गेलं?”

ते मीच काढलं होतं. भडक वाटलं म्हणून.

उपरोध शब्दात नसतो, आवाजात असतो, हे मला त्या फ्लेक्सने शिकवलं. जुन्या अलंकारशास्त्राने हे केव्हाच ओळखलं होतं. वक्रोक्तीचे दोन प्रकार तिथे सांगितले आहेत : एक श्लेषावर चालणारी, दुसरी ‘काकु’वर. काकु म्हणजे आवाजाचा हेल. ‘तू फार हुशार’ हे शब्द आई परीक्षेच्या निकालानंतर कोणत्या हेलात म्हणते, त्यावर सगळं अवलंबून. शेवटचा उकार दीर्घ लिहायचा या मराठीच्या नियमाने काकुची काकू होते, आणि आमच्या एका प्रूफरीडरने ‘काकू वक्रोक्ती’ या शब्दांपुढे ‘कोणाची?’ असा शेरा मारला होता. चूक त्याची नव्हती. छापील पानात काकूला जागाच नसते. तिच्या बदली आपण एक उद्गारचिन्ह बसवतो आणि वाचकाला ऐकू येईल अशी आशा धरतो.

‘केसरी’तल्या 1897 सालच्या ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे, पण तो प्रश्न नव्हे हे गोऱ्या साहेबालाही कळलं. शि. म. परांजप्यांच्या ‘काळ’ची गंमत आणखी वेगळी. हे साप्ताहिक 1898 मध्ये निघालं आणि 1910 मध्ये बंद पडलं. मधल्या काळात त्याने वक्रोक्तीला रोजच्या वापराचं हत्यार केलं. वरून स्तुती, आतून चपराक. देशी पत्रांचा मजकूर इंग्रजीत उतरवायला सरकारी अनुवादक असत. स्तुतीचं वाक्य शब्दशः उतरवलं तर त्यात राजनिष्ठाच दिसायची, आणि हेल उतरवायचा तर कोणत्या शब्दात उतरवायचा? परांजप्यांना 1908 मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली, म्हणजे हेल पोहोचला होता. आमच्या नगरसेवकापर्यंत मात्र पोहोचला नाही. की पोहोचला, आणि त्याने तो कात्रीने कापला? आता मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

डेस्कवर नवीन आलेल्यांना मी मथळा सपाट आवाजात, रेल्वेच्या उद्घोषणेसारखा वाचायला सांगतो. तसं वाचूनही गंमत उरली तर ती शब्दाची, विरली तर उपरोधाची. दुसरी कसोटी माझी नाही, काश्मीरच्या मम्मटाची आहे, अकराव्या शतकातली : शब्द बदलून समानार्थी शब्द घाला. अलंकार मेला तर तो शब्दाचा, जगला तर अर्थाचा. पाणीपुरवठ्याच्या बातमीत ‘जीवन’ हा शब्द आला की आमच्याकडे सगळ्यांचे हात शिवशिवतात. त्यात राज्य सरकारने पाणीपुरवठा मंडळाचं नावच ‘जीवन प्राधिकरण’ ठेवलेलं. श्लेष सरकारी खर्चाने तयार. पण ‘जीवन’च्या जागी ‘पाणी’ घालून बघा, खेळ खलास. याउलट ‘कांद्याने रडवले’. त्याऐवजी ‘कांद्याने डोळ्यांत पाणी आणले’ म्हणा, काही बिघडत नाही. कांदा खरंच रडवतो आणि भावही रडवतो, म्हणून इथे दुहेरीपण शब्दात नाही, वस्तूतच आहे. या मथळ्याबद्दल मला तक्रार एवढीच की तो कोणाच्या डोळ्यांतून लिहिला हे त्यात दिसत नाही. भाव चढला की मुंबईची आवृत्ती रडते, पडला की लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी. मथळा दोन्हीकडे तोच.

‘वर्षा बंगल्याची खलबते’, ‘मंत्रालयाचा नकार’ ही तर लक्षणा. इतकी रुळलेली की कोणाला अलंकार वाटतही नाही. बंगला खलबतं करत नाही, इमारत नकार देत नाही, पुढे चला.

डोकेदुखी आहे ती ‘विडंबना’ या शब्दाची. अग्निशमन केंद्रालाच आग लागली की हल्ली हमखास वाक्य येतं, ‘ही विडंबनाच म्हणावी लागेल’. ही हिंदीतून आलेली पाहुणी. आपल्याकडे विडंबन म्हणजे ‘झेंडूची फुले’त अत्र्यांनी केलं ते. आणि आगीत उपरोधही नाही, कारण उपरोधाला कोणीतरी बोलणारा लागतो. आग कोणाला टोमणा मारत नसते. तिथे विसंगती आहे, दैवाची चेष्टा आहे, किंवा नुसती आग आहे. मी बहुतेक वेळा ते वाक्य काढतो. वाचकाला केंद्र आणि आग शेजारी ठेवून दिली की त्याचं तो बघून घेतो.

शब्दाची कसोटी मला पाठ होती त्या काळातली आणखी एक बातमी आहे. दुष्काळाचं वर्ष, पाणी शेंदताना एक मुलगी विहिरीत पडून गेली. मी मथळा लिहिला : ‘जीवनानेच घेतले जीवन’. मम्मटाने पाठ थोपटली असती. सपाट वाचा, टिकतो. शब्द बदला, मरतो. शंभर टक्के शब्दाचा अलंकार. मी तो मुख्य उपसंपादकांपुढे ठेवला आणि उभा राहिलो. त्यांनी चष्मा वर केला.

“वय काय तिचं?”

मला सांगता येईना. कॉपीत चौथ्या ओळीत होतं, मी दुसऱ्या ओळीवरच मथळ्याला लागलो होतो. त्यांनी कॉपी पुढे ओढली, बोटाने ओळ शोधली आणि माझ्या मथळ्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं : ‘पाणी शेंदताना विहिरीत पडून नऊ वर्षांच्या मुलीचा मृत्यू’. एका कॉलमात ते बसत नव्हतं. त्यांनी दोन कॉलम दिले.