रात्रीचं ताट

मागच्या वर्षी जानेवारीत ऑफिसच्या हेल्थ चेकअपला काट्यावर ९१ आकडा आला आणि त्याच संध्याकाळी मी आयुष्यातलं पहिलं डाएट सुरू केलं. उंची पाच फूट सात इंच, वय २८, काम दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिण्याचं. त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. सोळा तास उपाशी राहायचं, उरलेल्या आठ तासांत काय ते खायचं. डिसेंबरपर्यंत ७८ किलो आणि एक हाफ मॅरेथॉन, असं ठरवून टाकलं.

करमाळ्याला आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे पगार घेऊन उपाशी राहायचं?" आजी १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडायला होती. सुकडी आणि त्या लाल मिलोच्या भाकरीवर घरानं ते वर्ष काढलं. तिला कॅलरी डेफिसिट समजावून सांगायचा प्रयत्न मी दोन मिनिटांत सोडला.

मी राहतो नवी पेठेत. इंजिनियरिंग संपल्यावरही फ्लॅट बदलायचा कंटाळा केला, म्हणून अजून इथेच. या भागात आमच्यासारखे नोकरीवाले कमी, स्पर्धा परीक्षावाले जास्त. दर दोन इमारतींआड एक अभ्यासिका, कॉट बेसिसवर खोल्या आणि तळमजल्यावर मेस. आमच्या मेसवाल्या काकूंचं गणित सोपं आहे: दोन वेळची मेस महिन्याला ३,२०० रुपये, एक वेळची १,८००, सुटं ताट ७०. चपात्या हव्या तेवढ्या. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. सलग चार दिवस गावाला जाणार असाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा धरणार, नाहीतर नाही.

मी दोन वेळचे पैसे भरत होतो आणि रात्री जेवत नव्हतो. रोज रात्रीचा खाडा हा प्रकार काकूंच्या वहीत बसत नव्हता.

सकाळी पळायला मी जवळच्या कॉलेजच्या ग्राउंडवर जायचो. तिथे पोलीस भरतीची पोरं असतात. त्यांच्याकडे बघून आपण पळतोय असं म्हणायची लाज वाटते. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले तर २० पैकी २० मार्क, आणि एकेका सेकंदासाठी ही पोरं जीव काढतात. त्यातला एक आमच्याच मेसचा, परभणीचा. फेब्रुवारीतल्या एका सकाळी तो तिसऱ्या राउंडला थांबला, कडेला जाऊन उकिडवा बसला आणि डोकं गुडघ्यात घातलं. मी पाण्याची बाटली दिली. मी तेव्हा नुकताच या विषयातला तज्ज्ञ झालो होतो, दहाएक व्हिडिओ बघून. म्हटलं, "फास्टेड कार्डिओ का? मी पण तेच करतो. रात्रीचं जेवण बंद."

तो माझ्याकडे बघून हसला. "हो दादा, तसंच."

मी त्याला वर आणखी इलेक्ट्रोलाइटची पावडर घ्यायला सांगितली. नाव आणि कुठल्या ॲपवर स्वस्त पडते तेसुद्धा.

महिनाभरानं काकूंशी माझ्या वाया जाणाऱ्या रात्रींबद्दल हुज्जत घालत होतो, तेव्हा त्या वही मिटून म्हणाल्या, "तुझं एक ठीक आहे रे, तुला नको म्हणून तू जेवत नाहीस." मग आवाज खाली करून सांगितलं. परभणीवाल्यानं दिवाळीनंतर दोन वेळची मेस एक वेळची केली होती. घरी सोयाबीन गेलं होतं. असे त्यांच्याकडे आणखी चार-पाच होते. ओळखायचं कसं? चपात्यांवरून. दोन वेळचा पोरगा दुपारी चार-पाच खातो. एक वेळचा नऊ-दहा खातो, वर दोनदा भात घेतो, आणि पाणी पिऊन तसाच बसून राहतो, कारण त्याला ते उद्या दुपारपर्यंत पुरवायचं असतं. "मी चपात्या मोजत नाही," काकू म्हणाल्या, "पण लाटणारीला कळतंच की."

मला ती पाण्याची बाटली आठवली. ती पावडर तर जास्तच.

इथे कुणी म्हणेल, सरकारी योजना असतात की. असतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं त्याच्या घराला माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. पण ते धान्य परभणीच्या रेशन दुकानात येतं आणि पोरगा असतो पुण्यात, जिथे त्याच्या खोलीत शेगडी लावायला परवानगी नाही. दहा रुपयांची शिवभोजन थाळी आहे, २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला सुरू झालेली. चांगली योजना आहे, पण ती थाळी दुपारची. भूक रात्रीची आहे.

मी म्हटलं, माझं रात्रीचं ताट त्याला द्या. काकूंनी सरळ दिलं नाही, आणि ते बरं केलं. त्यांनी त्याला सांगितलं, "रात्रीपण जेवत जा, मी उधारीत लिहून ठेवते, नोकरी लागली की दे." वहीत मागच्या बाजूला एक पान केलं. कोण कुणाचं ताट जेवतंय हे फक्त त्या पानाला आणि काकूंना माहीत.

इथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायची गरज नव्हती. पण मी इंजिनियर. मला त्यात सिस्टिम दिसली. बाकीच्या चार-पाचांसाठी मी नियम केला: मी पळालेले पाच किलोमीटर म्हणजे एक ताट. माझ्या वजनाला पाच किलोमीटरमध्ये साडेचारशेच्या आसपास कॅलरी जळतात, म्हणजे अर्ध्या ताटाएवढ्या. कल्पना मला भारी काव्यात्म वाटली. आठवड्याला ३० किलोमीटर झाले की सहा ताटं, म्हणजे सोमवार ते शनिवार एका पोराच्या रात्री. एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती स्ट्रावावरून किलोमीटर उचलायची, शीटमध्ये टाकायची आणि रविवारी रात्री मला आकडा पाठवायची. मी काकूंना तेवढे यूपीआय करायचो. टीममधले तिघे जण जोडले गेले. चौघांत मिळून आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर होऊ लागले.

आणि ते चाललं, हे मान्य करायला हवं. पहाटे साडेपाचचा अलार्म बंद करताना स्वतःच्या पोटाचा विचार करून मी कधीच उठलो नसतो; वहीतल्या पानाचा विचार करून उठायचो. चौथा किलोमीटर संपताना पाय ओढत असले तरी पाचवा पूर्ण करायचो, कारण चारला ताट मिळत नाही. जुलैपर्यंत मी ८१ वर आलो. ऑफिसच्या टाउनहॉलमध्ये आमची दोन मिनिटांची स्लाइडही झाली. तिच्यावर ताटाचा फोटो होता, इंटरनेटवरून घेतलेला, राजस्थानी थाळीचा.

ऑगस्टमध्ये नडगी दुखायला लागली. आधी पळाल्यावर, मग चालतानाही. डॉक्टर म्हणाले, हाडावर ताण आलाय, सहा आठवडे पळायचं नाही. त्याच आठवड्यात टीममधल्या एकाचं लग्न होतं आणि दुसऱ्या दोघांचा रिलीज. रविवारी रात्री नऊला स्क्रिप्टनं आपलं काम चोख केलं: एकूण किलोमीटर ११, ताटं २.

पाच मिनिटांनी काकूंचा मेसेज आला. "उद्यापासून किती ताटं धरू? पाच पोरं आहेत. कणीक तेवढीच भिजवते."

स्क्रिप्टमध्ये कुठेही बग नव्हता. मी पलंगावर, नडगीवर बर्फाची पिशवी ठेवून, किती तरी वेळ त्या 'किती'कडे बघत बसलो. पाच पोरांची उद्याची रात्र मी माझ्या एका हाडाला बांधून ठेवली होती. कोडमध्ये एखाद्या ज्युनियरनं असं काही केलं असतं तर मी रिव्ह्यूमध्ये भलीमोठी कमेंट लिहिली असती. एवढी महत्त्वाची गोष्ट एवढ्या कच्च्या गोष्टीवर अवलंबून कशी ठेवली, म्हणून.

आणि पैशांचं काय? माझ्या वाट्याला आठवड्याला ४२० रुपये येत होते. दारात ठेवलेले बूट आठ हजारांचे होते. ११४ ताटं. मला जेवण द्यायला पळायची गरज कधीच नव्हती. पळायला मात्र मला त्यांच्या भुकेची गरज पडली होती. हे वाक्य त्या रात्री डोक्यात आलं आणि अजून नीटसं गेलेलं नाही.

त्या रात्रीच काकूंना पाच जणांचे आठवड्याचे २,१०० पाठवले. सप्टेंबरपासून आम्ही चौघं एक तारखेला ठरलेली रक्कम देतो, पळो न पळो. स्ट्रावाचं कनेक्शन मी काढून टाकलं. त्यातला एक जण म्हणाला, आता पळायला मजा येत नाही. त्यानं पळणं सोडलं, पैसे सोडले नाहीत. मीही ऑक्टोबरमध्ये परत सुरू केलं तेव्हा तीन किलोमीटरवर थांबायला लागलो. हाफ मॅरेथॉन झाली नाही. वजन ८३ ला अडकलंय. रात्रीचं जेवण मी पुन्हा सुरू केलंय, स्वतःचे वेगळे पैसे भरून.

परभणीवाला ग्राउंडला पूर्ण मार्क काढून आला आणि लेखीत तीन मार्कांनी राहिला. आता पुढच्या भरतीची वाट बघतोय, संध्याकाळी एका कुरिअरच्या ऑफिसात बसतो. परवा रात्री माझ्यासमोरच जेवत होता. उठताना त्यानं काकूंच्या हातात सातशे रुपये ठेवले. "मागच्यातले धरा काकू."

तो गेल्यावर काकूंनी वही उघडली. "तुझ्या पहिल्या ताटांचे आहेत हे. परत देऊ का पुढे धरू?"

"पुढे धरा."

त्यांनी मागच्या पानावर लिहिलं, दहा, आणि मला विचारलं, "आणखी एक चपाती वाढू का? तीनच खाल्ल्यास."