राखेची धावपट्टी

अमेरिकेत बायकांची राष्ट्रीय मैदानी स्पर्धा १९२३ पासून एएयू ही संस्था भरवत असे. त्या मैदानावरचं जे आता राहिलेलं नाही, त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते.

धावपट्टी. कोळशाच्या राखेची, रोलर फिरवून दाबलेली. पावसाने जड व्हायची. पडलं की गुडघ्यात काळे कण रुतायचे. बुटांना लांब खिळे लागत. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकला सिंथेटिक ट्रॅक अंथरला गेला आणि राखेचे दिवस भरले.

शेवटच्या रेषेवरचा ताणलेला धागा. पंचांच्या हातातलं स्टॉपवॉच.

पन्नास मीटरची शर्यत. ऐंशी मीटर हर्डल्स, अडथळे अडीच फुटी. १९७२च्या ऑलिंपिकपासून त्यांच्या जागी शंभर मीटर हर्डल्स आले. बेसबॉलची फेक, हीसुद्धा राष्ट्रीय विजेतेपदाची! बेब डिड्रिक्सनने १९३१ साली चेंडू २९६ फूट फेकला. तो खेळच यादीतून गेला, मग हा आकडा कशाशी ताडून पाहायचा?

उंच उडीचा खड्डा. वाळूचा नाहीतर भुशाचा. फोमची गादी नाही, त्यामुळे उडी कशीही मारा, उतरायचं सांभाळून. ॲलिस कोचमन १९३९ ते १९४८, सलग दहा वर्षं, अशा खड्ड्यांत उतरून राष्ट्रीय विजेती ठरली. १९४० आणि १९४४ची ऑलिंपिकं युद्धाने गिळली. तिच्या ऐन उमेदीला ही राष्ट्रीय स्पर्धा, एवढंच मोठं मैदान मिळालं. १९४८ला लंडनमध्ये १.६८ मीटर उडी मारून तिने सुवर्ण घेतलं. ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आज दोन मीटरच्या उड्या पाहणाऱ्यांना १.६८ किरकोळ वाटेल. त्यांनी तो खड्डा एकदा डोळ्यांसमोर आणावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

ती जिथे शिकली त्या तस्कीगी संस्थेचा दबदबा. १९३७ ते १९४८ या बारा वर्षांत अकरा सांघिक विजेतेपदं. पुढे १९५५ला टेनेसी स्टेट विद्यापीठाच्या मुलींनी विजेतेपद घेतलं.

आणि या मुलींचे जेवणाचे डबे. दक्षिणेतल्या रस्त्यांवरच्या हॉटेलांत काळ्यांना वाढत नसत, म्हणून त्यांचे प्रशिक्षक एड टेंपल गाडीत खाणं बांधून घेत. गाडी थांबे ती शेताच्या कडेला, कारण पेट्रोलपंपावरचं स्वच्छतागृहही त्यांच्यासाठी नव्हतं. या यादीतली ही एकच गोष्ट गेल्याचा मला मनापासून आनंद आहे.